दोघं एकदम नाही

लोणच्याच्या माझ्या काचेच्या ताटात
ओतियानं फेरिक क्लोराइड ओतलं, तेव्हाच मी ओळखलं,
यंदाचा हिवाळा स्वयंपाकघरातच जाणार.

तीस वर्षं कुताईसीच्या लिफ्टा दुरुस्त केलेला माणूस.
निवृत्तीनंतर त्याला ना वेली छाटायच्या होत्या
ना अंगणात नार्दीचे फासे टाकत बसायचं होतं.
म्हणाला, त्सिउरी, अ‍ॅम्प्लिफायर करतो. ड वर्गातला.
म्हटलं, ड तुकडीत तर ढ मुलं बसतात.

हसला नाही.
भिंतीवरचं बटण दाबून दाखवलं:
हा दिवा. पूर्ण चालू. पूर्ण बंद. मधलं काही नाही.
असं सेकंदाला चार लाख वेळा.
आणि गाणं कुठंय त्यात?
किती वेळ चालू, किती वेळ बंद, त्या हिशेबात.

मग माझी इस्त्री गेली.
मासिकाच्या गुळगुळीत पानावरची काळी नक्षी
त्यानं तांब्यावर दाबून दाबून उतरवली;
अभ्र्यावर तिचा एक फाटा अजून आहे, धुऊन जात नाही.
मेलेल्या कॉम्प्युटरच्या पोटातलं पिवळं कडं,
त्यावर लिफ्टच्या मोटारीतली तार, बावीस वेढे.
मोजताना मी मिठाचं विचारलं
की पुन्हा पहिल्यापासून.
पिवळं कडं तापायला लागलं.
तिबिलिसीहून भाच्यानं लाल पाठवलं.
पुन्हा बावीस.

पहिल्या रात्री फाट् झालं.
जळक्या वासात तो खुर्चीवर बसून राहिला,
तळहातावर दोन ट्रान्झिस्टर, मेलेल्या माशांसारखे.
एक वरचा, एक खालचा, म्हणाला,
क्षणभर दोघंही उघडे राहिले.
वीज स्पीकरकडे वळलीच नाही, सरळ खाली गेली.
दोघं एकदम नाही, त्सिउरी.
एक मिटला की जरा थांबायचं, मग दुसरा.

चाळीस वर्षं तुझ्याबरोबर राहिलेल्या बाईला
हे तू आज सांगतोस?

यावर मात्र हसला.
मग म्हणाला, पण फार थांबूनही चालत नाही.
फार थांबलं की आवाज खरखरीत होतो.
आणि गप्प झाला.
कोणाबद्दल गप्प झाला ते मला कळलं.
एका गॅरेजच्या चावीवरून अकरा वर्षं
वार्लाम आणि तो एकाच बसथांब्यावर
पाठमोरे उभे राहिले.
बाराव्या वर्षी थांब्यावर एकटा ओतिया.

फेब्रुवारीत एकदा रात्री त्यानं मला झोपेतून उठवलं.
टेबलावर लाकडी खोकं, त्यात ते हिरवं पान,
शेजारी रिळांचा टेपरेकॉर्डर.
आधी नुसती शांतता. कान लावून ऐकावी इतकी शांतता.
मग कोणीतरी पेला खाली ठेवला.
खुर्ची करकरली.
आणि मी बोलले, मी, तिशीतली,
दुसऱ्या खोलीतून:
अरे दार लोटा, गारठा येतोय!

मी दाराकडे पाहिलं. लोटलेलंच होतं.

मग वार्लाम.
जुन्या व्हॉल्व्हच्या डब्यातून तो कधी इतका खाली उतरला नव्हता.
ताटलीतला चमचा हलकेच वाजायला लागला.
वरचा सूर इलारिओनचा, जो सालोनिकीला कामाला गेला तो गेलाच.
मधला सूर ओतियाचा, कोवळा, जरा चढा.
खरा ओतिया ओठ मिटून उभा होता,
हात अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांवर.
बघ, म्हणाला, गाणं संपल्यावर. गारच आहे.
काही वाया जात नाही.

पिसुनियाला हे पटलं नाही.
चौदा हिवाळे ती व्हॉल्व्हच्या डब्यावर झोपत आलेली.
या खोक्याला तिनं हुंगलं, वर चढली,
एक वेटोळं घालून पाहिलं, उतरली,
आणि आमच्या दोघांकडे पाठ करून बसली.

दुसऱ्या दिवशी ओतियानं खोक्याचं झाकण उघडलं,
आतून एक पंचवीस वॅटचा बल्ब बसवला.
आवाजाशी त्याचा काही संबंध नाही.