आता कुणाला लागत नाही

ओउलू. जानेवारी. रात्रीचे पावणेतीन.
बाहेर उणे सत्तावीस.
इस्पितळाच्या तळघरात सिर्का
जुनी पॅकेजं काढून नवी बसवते आहे.

यंत्रानं विचारलं होतं, नेहमीच्या अदबीनं:
ही लायब्ररी आता कुणाला लागत नाही,
काढू?
ती हो म्हणाली,
कॉफीला म्हणावं तसं.

मग तिसऱ्या मजल्यावरून फोन:
रक्ताच्या नळ्यांवरची लेबलं येईनात.

लेबलांचा प्रोग्राम वेइकोचा,
एकोणीस वर्षांपूर्वी हातानं बांधलेला.
कुठल्याच यादीत त्याची नोंद नाही.
निवृत्त होताना वेइकोनं केक कापला,
पण हा कुणाच्या खांद्यावर उभा आहे
ते सांगायचं राहून गेलं.

सिर्काच्या इमारतीत एक सौना आहे, सगळ्यांत मिळून.
दारावर कागद: कुणाचा वार, कुणाची वेळ.
गुरुवार आठ, पुढे नाव नाही.
तरी दर गुरुवारी आठला
कुणीतरी तापल्या दगडांवर पाणी ओततं,
चर्र आवाज भिंतीतून तिच्या स्वयंपाकघरात येतो.

आधी तिनं सोपं ते केलं:
नव्या फाइलीवर जुन्या नावाची चिठ्ठी डकवली.
प्रोग्राम फसला, उठला,
लेबलं सरसर आली,
आणि हेल्मी नर्स म्हणाली, थांब,
हे आजोबा सत्तेचाळीसचे,
इथं छापलंय दोन हजार सत्तेचाळीस.
अजून जन्मायचे आहेत.

चिठ्ठी काढली.
नाव तेच म्हणून माणूस तोच नसतो,
दोन लग्नांनंतर
हे तिला कळायला हवं होतं.

मग डिसेंबरची बॅकअप टेप.
तिच्यातून जुनी फाइल, जेमतेम चारशे किलोबाइट,
नवीच्या शेजारी ठेवली.
एकाच फोल्डरात दोघी, शेपटीच्या आकड्यापुरत्या वेगळ्या,
अबोला धरलेल्या जावांसारख्या.
ज्याला जी लागेल ती तो हाक मारून घेईल.

साडेचारला लेबलं नीट.

सकाळी वेइकोला फोन लावला.
तो गोठल्या समुद्राला भोक पाडून गळ टाकून बसला होता.
म्हणाला, अगं, ते अजून चालतंय?
एवढंच. मग बहुतेक मासा लागला.

सिर्कानं नोंदवहीत लिहिलं:
हिला हात लावू नका, वेइकोला लागते.
खोडलं.
तिसऱ्या मजल्याला लागते.

घरी पोचली तेव्हा उजाडलं नव्हतं.
सौनाच्या दाराशी थांबून
गुरुवार आठच्या पुढे पेन्सिल टेकवली,
आणि काय लिहावं ते
हातमोज्यातल्या बोटांना सुचेना.