एकतीस जुलै, हरभट रोड

रात्री पावणेबाराला पोर्टल गोल गोल फिरत बसलं
आणि माझा भाचा श्रेणिक म्हणाला,
मामा, हे सगळं बंदच करायला पाहिजे.
कमाईवर करच नको.
जो जेवढं विकत घेईल तेवढ्यावर एकच कर, देशभर.
ना फॉर्म, ना तारीख, ना आपण.

"ना आपण" म्हणताना तो हसला.
मी कप बशीत उपडा ठेवला.

एकतीस वर्षं या पेठेत
माणसांची मिळकत लिहितोय.
कुणाची बायको गेली, ते मला
विम्याच्या हप्त्यातून एक नाव गळलं तेव्हा कळलं.
कुणाचा मुलगा परत येणार नाही, ते
वरच्या मजल्याचं भाडं सुरू झालं तेव्हा.
डॉक्टरला दुखणं सांगतात, भटजीला गोत्र,
मला आकडा,
आणि तोही चार आणे कमी करून.

भूपाल चौगुल्यांची हळदीची पेढी.
त्यांच्या गाडीवर मी घसारा लावला,
घसाऱ्यावर त्यांनी दुसरी गाडी घेतली.
आकडे मी असे बसवतो
की कागदावर पिवळं बोट उमटत नाही.
खोटं एकही नाही.
खरंही फार नाही.

म्हटलं, मांडून बघू श्रेणिकचा हिशेब,
पाठकोऱ्या कागदावर.
चौगुले कमावतात कोटभर, घरखर्च बारा लाख,
जेवणात एक भाकरी, तीही शुगरमुळं अर्धी.
उरलेल्यावर कर नाही,
कारण उरलेलं कुणी विकत घेतलं नाही.
स्टँडमागं खानावळ चालवणाऱ्या सुगंधाताई मगदूम,
वर्षाला अडीच लाख सुटतात, पावणेतीन जातात.
म्हणजे कर सगळ्या कमाईवर
आणि वर उसनवारीवरही.

त्यावर तोड आहे, श्रेणिक म्हणाला.
गरजेपुरत्या खर्चावरचा कर
एक तारखेला सरकार खात्यात आधीच टाकेल.

सकाळी डबा घेऊन आल्या तेव्हा ताईंना विचारलं.
डब्याची कडी काढता काढता त्यांनी ऐकलं.
"परत द्यायचंच हाय तर घ्यायचं कशाला, साहेब?
आन माझं खातं बंद पडलंय कवाचं.
आमटी आज जरा तिखट झालीया."

पण मिरजेचे दस्तगीर शिकलगार आठवले.
तंबोऱ्याचा भोपळा वाळवतात, दोन दोन वर्षं.
दर जुलैत मी विचारतो, यंदा किती झाली कमाई?
ते म्हणतात, अजून बोलला नाही तो.
वर्ष एप्रिलात सुरू होतं
हे भोपळ्याला कुणी सांगितलेलं नाही.
त्यांना पटला असता श्रेणिकचा कर:
गेला दारातून, की घ्या तुमचं.
श्रेणिकला मी हे सांगितलं नाही.

संध्याकाळी लेकीसाठी मिक्सर घ्यायला गेलो.
दुकानातला पोरगा नवा, मला ओळखत नव्हता.
"बिल करू का काका?
कच्च्यात घेतला तर सातशे कमी."
गॅरंटी?
"मी हाय की."

मी फोन बाहेर काढला.
परत ठेवला.
नोटा मोजल्या, थुंकी लावून,
जशा चौगुले मोजतात.

खोका काखेत घेऊन आयर्विनच्या पुलापर्यंत चालत गेलो.
कृष्णा गढूळ, फुगलेली, गर्दी कठड्याला रेलून.
खाली खांबावर फुटांचे आकडे रंगवलेत,
लोक बोट दाखवून वाचत होते,
एकतीस, नाही, बत्तीस.
पाणी किती आलं ते तिथं दिसतं,
कुणाच्या उंबऱ्याला कितवा आकडा लागतो, ते नाही.

खोका जड होता.
मी काख बदलली.