शेवटचे बत्तीस बाइट

मे महिन्यात दुपारी अडीचला बर्डीवर
माझ्या दुकानाचा जिना कुणी चढत नाही.
हेमलता निमजे चढून आल्या.
तोंडाचा दुपट्टा सोडला,
पर्समधला कांदा टेबलावर ठेवला,
मग पेन ड्राइव्ह.

"इतवारीत आमचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे.
ह्यांचा मॅक जळला. हे जाऊन तर सहा महिने झाले.
पोरानं विंडोज आणलं.
एवढी एक फाइल उघडून द्या, भाऊ."

फाइलीला चेहरा नव्हता.
कोरं पान, एक कोपरा दुमडलेला,
नावाच्या शेपटीला टिंब आणि पीलिस्ट.
डबल क्लिक केलं तर कॉम्प्युटर विचारतो, हिला कशानं उघडू,
गेटवरचा चौकीदार विचारतो तसा,
कोणाकडे?

नोटपॅडनं उघडली.
सुरुवातीला बीप्लिस्ट, दोन शून्यं,
मग चौकोन, शिंगं, तुटके कंस,
कूलरच्या जाळीतून वाळा गळावा तशी चिन्हं.
"ह्यांचं मराठी कुठं गेलं?"
आहे, म्हटलं. एकेक अक्षर दोन-दोन खोल्यांत राहतं
आणि हा बाबा प्रत्येक दार वेगळं वाजवून राह्यला.
त्या गदारोळात एकच ओळ साफ होती:
दहा आकडे.
"हा ह्यांचा नंबर,"
त्या म्हणाल्या,
आणि कांदा उचलून हातात धरला.

ही पुढून वाचायची नसते, मी सांगत होतो,
(गिऱ्हाईक गप्प बसलं की मी फार सांगतो)
शेवटचे बत्तीस बाइट आधी पाहायचे.
सुरुवात कुठं आहे ते तिथं कळतं,
कोण कितव्या पावलावर बसलंय
त्या यादीचा पत्तासुद्धा.
हातानं मध्ये एक अक्षर घुसडलं
तर पंगतीत उशिरा आलेला पाहुणा बसवल्यासारखं,
पुढची प्रत्येक पत्रावळ सरकते
आणि वाढणाऱ्याला कुणीच जागेवर सापडत नाही.

लाइट गेली. कूलर थांबला.
लॅपटॉपवर पायथनच्या चार ओळी लिहिल्या,
फाइल उलगडली.
डावीकडे की, उजवीकडे व्हॅल्यू.

आये: आमचे येथे श्रीकृपेकरून
चिसौ: चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी
आउ: आपली उपस्थिती हाच आहेर
मामा: आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!

दोन-चार अक्षरं दाबली
की मांडवच उभा राहायचा माणसाचा.
बाईंनी खुर्ची पुढं ओढली.
बोट स्क्रीनला न लावता
ओळीओळीनं खाली आल्या, आणि थांबल्या.

हे: हेमा, जेवून घे, मला उशीर होईल.

खालून ऑटोचा हॉर्न. बराच वेळ.
"दहा वर्षं," त्या म्हणाल्या,
"मला वाटायचं, रोज टाइप करतात."
मग, "लबाड."

मी पाणी दिलं. माठातलं, गारच होतं.

बदल दोनच होते.
नंबर काढून त्यांचा टाकला:
दहा आकडे गेले, दहा आले,
कुणाची जागा हलली नाही.
दुसरा विचारावा की नाही, कळेना.
हे पुसू का?
"काऊन पुसता? फक्त हेमाचं कौस्तुभ करा.
तोही माझी वाट पाहत उपाशीच बसते."

हेमाची चार चिन्हं, कौस्तुभची सात.
तीन वाढली. पंगत सरकली.
मी काही मोजलं नाही,
मशीनला सांगितलं, सगळ्यांना नवे पत्ते दे,
शेवटचे बत्तीस बाइट पुन्हा लिही.
तिनं लिहिले.

"आणि की?"
"की हेच राहू द्या," त्या म्हणाल्या,
आणि दुपट्टा बांधू लागल्या.

किती झाले, विचारलं. दोनशे म्हटलं.
"दीडशे घ्या,
घरात लग्न निघालं तर पत्रिका आमच्याकडेच टाका."