केबलचं दुसरं टोक

बाबा बफेलोत इमारती पाडायचे.
दोन टनांचा पोलादी गोळा,
खाली फुगीर, वर निमुळता.
त्याला ते नासपती म्हणत.
झोका काय, कुणीही देईल, म्हणायचे,
कसब आहे ते परतीच्या वाटेवर:
भिंत फोडून तो मागे फिरतो
तेव्हा त्याला गप्प करायचं.
नाही जमलं तर तो सरळ केबिनवर येतो,
आणि त्याला ओळखदेख नसते.

सतराव्या वर्षी मी शाळा सोडली,
ठरलेलं लग्न मोडलं,
धाकट्या काकांना भर जेवणात नको ते विचारलं.
आई म्हणाली, ही पोर नाही,
पाडकामाचा गोळा आहे, शिरेल तिथे भुगा.
बाबांनी काटा ताटलीत ठेवला.
"गोळा आपणहून कुठेच जात नाही, यादविगा.
केबलच्या दुसऱ्या टोकाला
कुणीतरी बसलेलं असतं. डबा घेऊन."
आई उठून कोबीचं पातेलं खरवडत बसली.
तो शब्द तिने पुन्हा वापरला नाही.
माझ्यासाठी दुसरे शोधले.

त्या ऑक्टोबरात मी त्यांच्यासोबत गेले,
फिलमोर अॅव्हेन्यूवर, बेकरीवरच्या भाड्याच्या खोल्या पाडायला.
समोरच्या फुटपाथवर बायका, गाऊनवर कोट चढवून.
पोटात गोळा येतो म्हणतात,
तो असा बाहेर, डोळ्यांसमोर टांगलेला.
मिसेस टिब्स तिथे अकरा वर्षं राहिलेल्या.
त्या काही बोलल्या नाहीत, पर्स उघडली, मिटली.

दर्शनी भिंत एका झोक्यात बसली.
धूळ उतरली तेव्हा तिसऱ्या मजल्यावर
हिरवा वॉलपेपर, एक बेसिन,
आणि नळ चालू.
करंगळीएवढी धार.
कागदावर लिहिलं होतं, पाणी तोडलेलं आहे.

बाबांनी गोळा खाली आणला,
तापलेलं पातेलं टेकवावं तसा टेकवला,
इंजिन बंद केलं.
मुकादम हातवारे करत आला, ओरडला,
घड्याळ दाखवलं.
बाबा सँडविच खात राहिले.
पाणीखात्याचा माणूस यायला चाळीस मिनिटं लागली
(तेवढे पैसे शुक्रवारी कापून आले).
त्याने रस्त्यातलं झाकण उचललं, किल्ली फिरवली.

धार दोऱ्याएवढी झाली.
मग थेंब.
मग बराच वेळ एक थेंब,
पडू की नको.

पडला.

बाबांनी हात पुसले, मिसेस टिब्सकडे पाहिलं,
त्यांनी मान हलवली की वाऱ्याने हलली, कळलं नाही.
मग झोका.
हिरवी खोली गेली.
गोळा परत आला,
आणि त्यांनी त्याला गप्प केलं.