वस्ती कधीची

तलाठी भाऊसाहेबांनी कागद दिलाय.
वस्ती कधीपासूनची, कुठून आली, घरं किती,
चतुःसीमा लिहा, करमाळ्याला पाठवायचाय.
मी मच्छीमार सोसायटीचा सचिव,
दहावी नापास, पण अक्षर बरं.

चतुःसीमेपाशीच पेन अडलं.
तीन बाजूंना ऊस, दुसऱ्यांचा.
चौथीला उजनीचं पाणी
आणि ते जागेवर राहत नाही.
भाद्रपदात हौसाबाईच्या चुलीला टेकतं,
वैशाखात कोसभर लांब जातं
भेगाळ चिखल आणि शिंपले मागं टाकून.
मग आम्ही खोपटं उचलतो, जाळी उचलतो,
आसरांचे सात दगड पाटीत घालतो
आणि पाण्याच्या मागं मागं जातो.
सातवा दगड एकदा वाटेत हरवला.
तेव्हापासून हाती येईल तो सातवा.

लिहिलं: पश्चिमेस जलाशय, अंदाजे.

कधीपासून?
तायाप्पा मल्लाव म्हणाला, आम्ही कुठं आलो रं,
पाणी आलं.
आम्ही भीमेच्या डोहावर होतो,
गुळाच्या काहिलीतनं माणसं पलीकडं घालायचो,
उतारूला चार आणे, शेळीला दोन,
बाळंतिणीला काही नाही.
धरणाची भिंत उठली आणि पैलतीर दिसंनासं झालं.
काहील तेवढ्या पाण्याला पुरंना.
जमिनीला जमीन मिळाली, घराला प्लॉट.
डोहाला काय मिळणार?
डोहाचा सातबारा नव्हता.

हौसाबाईला साल विचारू नये.
ती माशांवर मोजते.
मरळ होती तेव्हा थोरली झाली,
सरकारनं कटला सोडला तेव्हा मधला,
चिलापी आली त्या वर्षी मालक गेले.
आता नुसती चिलापीच, म्हणाली,
आता काय मोजायचं.

अप्पाराव शेवटच्या खोपटातला.
समुद्रावरचा, तेलुगू बोलतो, शिव्या मराठीत देतो.
तिकडं लाटांनी दोन गल्ल्या खाल्ल्या,
तिसरीत याचं घर होतं.
पहिल्या दिवशी इथलं पाणी ओंजळीत घेऊन
त्यानं चाखलं आणि थुंकला नाही.
मीठ तेवढं नाही, म्हणाला, बाकी सगळं आहे.
आणि हे पाणी सांगून येतं, टक्क्यांत.

टक्क्यांत, खरंय.
उजनी वजा बावीस, उजनी वजा एकतीस,
पेपरात रोज चौकट असते.
तिकडं सोलापुरात चार दिवसांनी नळ येतो,
हंड्यांची रांग जिन्यापर्यंत जाते,
त्यांना वजा म्हणजे संपलं.
आम्हाला माहीत आहे शून्याखाली काय असतं.
गाळ असतो, वांब असते,
कुणाच्या तरी परड्यातलं जातं असतं.

वजा तीसच्या आसपास तायाप्पा मला घेऊन गेला.
आधी चालत, मग गुडघाभर चिखलातनं.
दगडी खुंटा उघडा पडला होता, काहील बांधायचा,
दोराच्या घासणीनं त्याला खाच पडलेली, बोटभर खोल.
त्यानं खाचेत करंगळी घातली, फिरवली,
चिखल काढला.
हे लिही, म्हणाला.

मी पेन काढलं.
पण त्या कागदावर खाचेला रकाना नव्हता.

परत येताना कागद खिशात भिजला.
चतुःसीमा पसरल्या, उत्तर दक्षिणेत मिसळली,
तायाप्पाचं नाव निळं होऊन वाहून गेलं.
राहिलं एवढंच: घरं एकोणीस, माणसं एकोणऐंशी.

आता चुलीपाशी कागद वाळवतोय.
हौसाबाईनं आतून हाक मारली,
अरे, परवाची पोर धरलीस का?
ऐंशी कर.