धरून ठेवणं

सकाळपासून मी कॉन्टेसाच्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकलेला,
विहिरीत पडलेली बादली शोधावी तसा.
गाडी ढोरडॉक्टर मेश्रामांची.
त्यांनी ती तेंदूच्या ठेकेदाराकडून घेतली,
सीटखाली अजून पानांचा एक पुडा सापडला, सुतळीसकट.
मी तो परत तिथंच ठेवला.

डॉक्टर म्हणाले, मागची चाकं फिरली पाहिजेत
आणि गाडी हलली नाही पाहिजे.
टायर तापलं की रस्ता पकडतं.
म्हटलं, साहेब, चारशे मीटरसाठी एवढं?
ते म्हणाले, चारशेसाठी नाही रे,
पहिल्या चार मीटरसाठी.

पार्सलमधून पितळेची डबी निघाली, मुठीत मावणारी.
आत एक खिटी. वीज मिळाली की खिटी बसते,
आणि पुढच्या चाकांकडे गेलेलं ब्रेकचं तेल
तिकडंच कोंडून राहतं.
बाकी तिला काही येत नाही.

नळी कापताना करवत थोडी थांबली.
ब्रेकची नळी कापायची म्हणजे
गाडीवाल्याच्या घरच्यांना आधी विचारून यावं, असं वाटतं.

आटे जुळेनात. पवनीच्या खरादवाल्यानं जोड करून दिला:
तासभर लाईन गेलेली, तासभर चहा, दहा मिनिटं काम.
नळीचं तोंड दोनदा दुमडलं.
एकदा दुमडलेलं पाझरतं, हे मी एका कमांडर जीपवर शिकलो,
ती उतारावरून थेट धानाच्या बांधीत जाऊन थांबली.
माणसं वाचली. रोवणा गेला.

मग हवा काढायची.
त्याला दुसऱ्या माणसाचा पाय लागतो.
लटारूकाका चढून बसले सीटवर,
उजव्या पायाला अंगठा नाही, पण पाय भारी.

दाब.
धर.
निप्पल अर्धा आटा उघडतो मी, बाटलीत बुडबुडे.
बांधलं. सोड.
दाब.
धर.

सातव्या की आठव्या धरला काका वरून बोलले,
"पटावर मी हेच करत होतो ना बे.
बैल पाटलाचे, नाव हाकणाराचं,
मी निस्ता समोर धरून उभा.
झेंडी पडेपर्यंत दोन ढोराईचा जीव
माह्या दोन हातात.
लवकर सोडलं तं जोडी बाद,
उशिरा सोडलं तं पाटलाच्या शिव्या."
आणि अंगठा?
"लाखांदूरच्या पटात.
झेंडी पडली, हात सोडले.
पाय हटवाचा राहून गेला."

मी बाटलीकडे बघत होतो. बुडबुडे केव्हाच संपलेले.
सोड म्हणायचं विसरलो.
ते धरून होते.

संध्याकाळी राईस मिलच्या मागच्या काँक्रीटवर
डॉक्टरांनी ब्रेक दाबला, गिअरच्या मुठीवरचं बटण दाबलं,
ब्रेकवरून पाय काढला.
लाल दिवा. मग क्लच.
मागची चाकं अशी बोंबलली
की कोंड्याच्या ढिगावरची कबुतरं गावाबाहेर गेली.
जळक्या रबराचा पांढरा धूर शाळेच्या भिंतीपर्यंत.
पुढची दोन चाकं मात्र
काहीच ऐकलं नाही अशी उभी.
काका किती जवळ गेले होते ते धूर विरळ झाल्यावर दिसलं,
बाजूला, हेडलाइटच्या अंगानं,
पाय मागं घेऊन. दोन्ही.

डॉक्टरांचं बोट उचललं, गाडी गेली.

"त्या डब्बीले नाव हाय काय?"
लाईन लॉक म्हणतात, काका.
त्यांनी ते दोनदा तोंडात घोळवलं, नीट बसलं नाही.
"बरं हाय," म्हणाले. "नाव तं हाय."

रात्री गाडी माझ्याच शेडमध्ये ठेवून घेतली.
जोडाखाली कालचा पेपर अंथरला.
सकाळी पाहिलं तर कोरडा,
फक्त कडेला एक पंजा उमटलेला,
मांजराचा.