सालदार

धुळ्यात पोवळ्याचा तुकडा सांभाळायला
उणे ऐंशीची पेटी लागते
आणि पेटीला वीज.
एप्रिलच्या दुपारी वीज गेली की
उखाअण्णा जनरेटरकडे पळतात,
अनवाणी. चपला शोधण्यात दोन मिनिटं जातात.
आज डिझेलच नव्हतं.
पेटीचं दार न उघडता
आम्ही शेजारी बसून राहिलो.

तुकडे मालवणहून आलेले, कोरड्या बर्फात,
कंडक्टरला "मासळी नाही" असं तीनदा सांगून.
पांझरेत पाणी नाही, आणि मी
समुद्राची वंशावळ काढत बसलेय.

"काय शे त्यास्मा?" अण्णांनी विचारलं.

शैवाल. पोवळ्याच्या पेशीत दाटून बसलेलं,
तपकिरी, गोल, बाजरीसारखं.
ऊन खातं, साखर करतं,
बरीचशी घरधन्याला देतं.
भिंगाखाली सगळे सारखे,
म्हणून पुस्तकात कितीतरी वर्षं एकच नाव.
मग कोणी डीएनए वाचला
आणि त्या नावाआडून गावच्या गाव बाहेर आला;
काहींचा पूर्वज इतका जुना
की तो फुटून वेगळा झाला तेव्हा
धुळ्याखालचा काळा दगड
अजून ओतलाही गेला नव्हता.

पाणी अंशभर जास्त तापलं, तापलेलंच राहिलं,
की हे घराबाहेर.
पोवळं पांढरं पडतं.

अण्णा म्हणाले, "सालदार."

त्यांचा बाप छत्तीस वर्षं सालदार.
आखाजीला साल सरायचं,
आखाजीलाच नवं ठरायचं:
इतके पैसे, इतकी ज्वारी, घोंगडी, जोडा.
मालकाच्या वहीत बैलांची नावं होती.
ह्याच्यापुढे नुसतं 'सालदार'.
चार घरं, चार वह्या, तोच शब्द.

लॅपटॉपमध्ये जीव होता तोवर मी दाखवलं:
या तुकड्यात शंभरातले सत्त्याण्णव एका वंशाचे,
हात सढळ, उन्हाला नाजूक.
तीन वेगळेच.
देताना हात आखडता,
पण तापल्या पाण्यात तग धरणारे.
वाईट वर्षी घर त्या तिघांवर चालतं,
म्हणजे अर्धपोटी चालतं,
पण चालतं.

अण्णा पडद्याकडे बघत राहिले.
मग म्हणाले,
"मालकनी काढं, का सालदार सोता गया?"

मी वाचलेल्या दोन निबंधांत काढलं असं आहे.
एकात, गेले.
मी हे सांगितलं तेव्हा
माझाच आवाज मला वहीसारखा वाटला.

"बापाचं नाव काय होतं, अण्णा?"
"शेनफडू."

पेटी घरघरली.
उणे एकसष्ट. उणे बासष्ट.
अण्णा वाकून
टेबलाखाली चपला शोधू लागले.